पाणी तोडण्यापासून पाणी पाजण्यापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे मी आठवीच्या वर्गात विज्ञान शिकलो. मिठाचे द्रावण करावयाचे असले की ते कोणालाही चिमटीने मीठ टाकू देत नसत. "चिमट घालायची असेल तर घरी आईला मदत कर, इथे तराजू आहे," असे म्हणून हात मागे घ्यायला लावीत. त्या वेळी आम्हाला हा त्यांचा उगाच कडकपणा वाटे. पुढे वैद्यकाच्या धंद्यात चाळीस वर्षे काढल्यावर, मिठाच्या एका चिमटीवर माणसाचे जगणे-मरणे कसे अवलंबून असते, ते मी पाहिले. म्हणून होळकरशाहीवर बोलावे ही चालकांची सूचना आदरपूर्वक बाजूस ठेवून मी आज जुलाबाच्या उपचाराचा इतिहास सांगणार आहे. हा विषय व्यासपीठाला शोभणारा नाही असे कोणाला वाटल्यास त्यांची क्षमा मागतो. पण या रोगाने जितकी घरे ओस पाडली तितकी आपल्या इतिहासातल्या पुष्कळशा लढायांनी पाडली नसतील.

माझे बालपण सांवेरला गेले. इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेवर लागणारे हे तहसिलीचे गाव. वडील कचेरीत कारकून होते. इंदूरची कान्ह नदी, जिला आपण खान म्हणतो, ती सांवेरवरून पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. थोडक्यात, इंदूर जे टाकते ते सांवेरच्या दारावरून वाहत जाते. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यात नद्या, सांडपाणी आणि रोगराई यांचा विचार एकत्र केलेला आहे. दिवाळीच्या मिरवणुकीत त्याने घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर फिरवला, ही हकिगत इंदूरकर अजून कौतुकाने सांगतात. अहवालातल्या नदीविषयीच्या प्रकरणांची मात्र तेवढी आठवण काढली जात नाही. नर्मदेचे पाणी इंदूरला आले ते १९७८ साली. सांवेरला आमच्या लहानपणी विहीर हाच आधार होता, आणि आषाढात विहिरीचे पाणी गढूळ होई.

१९५६ च्या आषाढात माझी धाकटी बहीण आजारी पडली. मी आठ वर्षांचा, ती दोन वर्षांची. सकाळपासून पातळ जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनासे झाले. ती माठाकडे बोट दाखवून पाणी मागत होती. आजीचा हुकूम होता की पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पोटात गेलेले पाणी खालून बाहेर पडते, तेव्हा वरून बंद केले की खालचे बंद होईल. शेजारच्या मालवी काकीही तेच सांगत होत्या, "पानी मत दीजो, बाई." आई स्वयंपाकघरात गेली की माठाजवळ मला बसवत, बाळीने हात घालू नये म्हणून. तिन्हीसांजेला ती मागायची थांबली. आम्हाला वाटले, उतार पडला. रात्री ती गेली.

आजीला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. तिने पाच मुले वाढवली होती, आणि तिचे अनुमान त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांच्या अनुमानापेक्षा फारसे वेगळे नव्हते. पचनाला विश्रांती द्यावी, चोवीस तास तोंडाने काही देऊ नये, असा सल्ला पाश्चात्त्य वैद्यकाच्या पुस्तकांतही दीर्घकाळ होता. आयुर्वेदाला लंघन मान्य आहे, पण तेथे विवेकही आहे. आमातिसारात आरंभीच मळ थांबवणारी औषधे देऊ नयेत असे चरक सांगतो, आणि रुग्णाला पेया, लाह्यांचा मंड, औषधी घालून उकळलेले पाणी देण्याची रीतही सांगतो. घरोघरी लंघन तेवढे लक्षात राहिले आणि मंड विसरला गेला.

या रोगाच्या तीव्र रूपाला आपल्या भाषेत जुने नाव आहे, मोडशी. अंगच मोडून टाकते ती मोडशी. गोव्यात १५४३ साली आलेल्या साथीचे वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने केले आहे, आणि १५६३ साली गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथातही हा रोग आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी मोडशीचे 'मोर्देशी' झाले, आणि फ्रेंचांनी त्याचा 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ लागेल अशी फोड केली. शब्दव्युत्पत्तीच्या नादी लागलेल्यांनी या उदाहरणावरून सावध व्हावे.

पटकीची पहिली जगव्यापी साथ १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोरहून उठली. नोव्हेंबरात ती बुंदेलखंडात पेंढाऱ्यांवर चालून निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि हजारो माणसे मेली. त्याच मोहिमेत २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी राजधानी इंदूरला आली. शाळेत आम्ही महिदपूरची तोफांची संख्या पाठ केली. छावण्यांतल्या त्या मरणाविषयी एक ओळही नव्हती. १८१८ च्या पावसाळ्यात पटकी मुंबईत पोहोचली. कंपनीच्या डॉक्टरांचे उपचार म्हणजे पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क आणि शीर तोडून रक्त काढणे. अंगातले पाणी संपल्यामुळे रक्त डांबरासारखे घट्ट होऊन धड वाहत नसे, आणि तरीही ते काढण्याचा प्रयत्न होई.

रोग मारतो कसा, याचे उत्तर १८३१-३२ मध्ये विल्यम ओशॉनेसी या अवघ्या बावीस-तेवीस वर्षांच्या आयरिश डॉक्टराने दिले. इंग्लंडात साथ पोहोचली तेव्हा त्याने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले आहेत, आणि तेच क्षार जुलाबात सापडतात. गेले ते परत द्यावे, हा त्यातला साधा निष्कर्ष. १८३२ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटा याने मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि काही उठून बसले. परंतु पाणी निर्जंतुक नव्हते, पुन्हा पुन्हा द्यावे लागते हे उमगले नव्हते. शेवटच्या घटकेला दिल्यामुळे बरेचसे मेलेच. साथ ओसरली आणि ही कल्पनाही मागे पडली. ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि तेथून वळला तो तारायंत्राकडे. कलकत्ता-आग्रा-मुंबई ही तारेची वाट १८५४ साली त्याच्याच देखरेखीखाली पुरी झाली. १८५७ मध्ये इंदूरच्या रेसिडेन्सीतून मुंबईला ज्या तारा गेल्या त्या या मार्गाने. म्हणजे पटकीचे मर्म ओळखणाऱ्या माणसाच्या तारा आपल्या माळव्यावरून गेल्या आणि त्याची विद्या मात्र आली नाही.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात जंतू दाखवला. जंतू सापडल्याने रोगी वाचत नव्हता. इंदूरला १८७८ पासून वैद्यकीय शाळा होती, तिचे १९४८ साली महाविद्यालय झाले. तेथेही पटकीवर हाती फारसे काही नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने शिरेतून तीव्र क्षारजल देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे साठ टक्क्यांवरून तिसाच्या आसपास आणले. त्यासाठी सुया हव्यात, निर्जंतुक बाटल्या हव्यात, जाणता हात हवा. सांवेरच्या ओसरीवर यांपैकी एकही वस्तू नव्हती. माठ होता, मीठ होते, गूळ-साखर होती.

आणि येथे मला क्षणभर थांबले पाहिजे. १९५३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे माझी बहीण गेली त्याच्या पावणेतीन वर्षे आधी, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी या डॉक्टराचा एक लेख लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात आला. पटकीच्या १८६ रुग्णांची उलटी औषधाने थांबवून त्यांनी त्यांना तोंडाने मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजले होते. एक लिटर पाण्यात चार ग्रॅम मीठ आणि पंचवीस ग्रॅम ग्लुकोज. जोडीला आपल्या परसात उगवतो त्या पानओव्याचा रस. रुग्ण फार अत्यवस्थ नव्हते हे खरे, पण एकही दगावला नाही. लेख छापून आला आणि विसरला गेला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोजमापे अपुरी होती, असे आक्षेप घेतले गेले. ते अगदी निराधार नव्हते. पण आणखी एक कारण मला जाणवते. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि ते पाणी शोषूच शकत नाही, अशी थोरामोठ्यांची समजूत होती. जे शक्यच नाही ते एका बंगाली डॉक्टराने केले, यावर कोण विश्वास ठेवणार?

ती समजूत पुढल्या काही वर्षांत ढासळली. १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवले की जंतू आतडे खात नाही; तो एक विष सोडतो आणि त्यामुळे आतड्यातून पाणी पाझरत राहते. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी ग्लुकोज आणि सोडियम यांची जोडी आतड्याच्या पेशीत एकत्र शिरते असा सिद्धान्त मांडला. दार एकच, दोघे हात धरून आले तर उघडते, आणि पाणी त्यांच्यामागून आत येते. पटकीतही हे दार शाबूत असते. नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही, नुसते मीठही शोषले जात नाही, साखर बरोबर असावी लागते. आणि साखर अति झाली तर उलट पाणी बाहेर ओढले जाते. प्रमाणाचे महत्त्व जगाला कटू अनुभवाने कळले: १९६२ साली फिलिपाईन्समध्ये रॉबर्ट फिलिप्स या अमेरिकन संशोधकाने असेच द्रावण वापरले, त्यात मीठ जास्त पडले आणि पाच रुग्ण मरण पावले. गुरुजींचा तराजू मला येथे आठवतो. अखेर १९६८ मध्ये ढाक्याला डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी जितके जाते तितके मोजून पाजण्याची पद्धत पटकीच्या रुग्णांवर सिद्ध केली.

तरी ही इस्पितळातली गोष्ट होती. ती घरात आणली १९७१ च्या बांगलादेश युद्धाने. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. बनगाव येथील छोट्या इस्पितळात पटकीचे रोगी जमिनीवर एकमेकांना खेटून पडलेले, शिरेतून देण्याचे क्षारजल संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस, मूळचे बालरोगतज्ज्ञ, यांनी ठरवले की संशोधनशाळेतील द्रावण पिंपात कालवून सरळ पाजायचे. एक लिटरला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या बांधून गरम इस्त्रीने प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटवल्या जात. लिटरभर द्रावणाचा साहित्यखर्च अकरा पैसे. पाजणारे कोण, तर आई, बाप, भाऊ. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्या केंद्रात चार टक्क्यांच्याही खाली आले. महालनबीसांचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेतील धीमान बरुआ यांनी छावणी प्रत्यक्ष पाहिली होती; त्यांच्या आग्रहाने हा उपचार जगभर गेला. १९७८ मध्ये त्याच 'लॅन्सेट'ने हा शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल असे मत दिले. महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी निवर्तले. पद्मविभूषण त्यानंतर, २०२३ मध्ये जाहीर झाले.

१९७१ साली मी इंदूरला शेवटच्या वर्षात शिकत होतो. बनगावची बातमी आमच्या वर्गात आली नाही. १९७४ मध्ये सांवेरला दवाखाना घातला तेव्हा जुलाबाच्या रोग्याला मी काय देत असे, ते आज सांगायला संकोच वाटतो. आयोडीनयुक्त हायड्रॉक्सिक्विनोलिनच्या गोळ्या, बरोबर एखादे जंतुनाशक, आणि मळ घट्ट करणारे गुलाबी औषध. त्या गोळ्यांमुळे जपानात हजारो लोकांच्या मज्जातंतूंना कायमची इजा झाली होती आणि १९७० मध्येच तेथे त्यांची विक्री थांबली होती. आमच्याकडे त्या घरोघरी फळीवर असत. गोळी दिली नाही तर रोगी दुसऱ्याकडे जाई, हे खरे. पण मलाही गोळी न देता पाठवणे अपुरे वाटे, हेही तितकेच खरे. पुढे आतड्याची हालचाल थांबवणारे लोपेरामाइड आले. जुलाब दिसायचे थांबतात, घाण आत कोंडते. १९८९-९० च्या सुमारास पाकिस्तानात त्याचे थेंब दिलेल्या तान्ह्या मुलांची आतडी लुळी पडून मृत्यू झाल्याचे उघड झाले आणि ते थेंब बाजारातून काढावे लागले. चरकाने आरंभी थांबवू नका म्हटले होते, याची मला त्या वेळी फार तीव्रतेने आठवण झाली.

१९८०च्या दशकात पुड्या सरकारी दवाखान्यांत येऊ लागल्या. तिकडे महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुधा निरक्षर, बायकांनाच आरोग्यसेविका केले होते. मीठ-साखरेचे पाणी करण्याची विद्या त्या घरोघरी नेत. मला हे पाहून लाज वाटली, की पदवी नसलेली बाई जे शिकवते ते मी शिकवत नाही. मग दवाखान्याच्या बाकावर तांब्या, चमचा आणि मीठ-साखरेचे डबे ठेवले. सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, एक लिटर उकळून थंड केलेले पाणी. चव घ्यायची, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यायचे.

१९९२ च्या सिंहस्थात उज्जैनला जाणारे यात्रेकरू दिवसरात्र सांवेरवरून जात होते. वैशाखाचे ऊन, वाटेवरचे पाणी. रस्त्याकाठच्या मंडपात आम्ही काही डॉक्टर पाळीपाळीने बसत असू. निमाडातली एक म्हातारी नातवाला घेऊन आली. पोर मलूल, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर वळी तशीच राहत होती. "सुई लगा दो," म्हणून ती हटून बसली. मी तिच्याच हातात वाटी-चमचा दिला. पोराने उलटी केली. दहा मिनिटे थांबलो, पुन्हा चमचा-चमचा. चार तासांनी त्याने तिच्या पदरावर लघवी केली. ओला पदर वर धरून ती सगळ्या मंडपाला दाखवत फिरली.

आजी १९८३ साली वारली. त्याच्या थोडे आधी, माझ्या मुलाला जुलाब झाले असता मी त्याला पाणी पाजताना तिने पाहिले. बराच वेळ ती बोलली नाही. मग विचारले, "हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं का रे?" मी सांगितले, नाही, कोणालाच नव्हते. त्या वेळी मला ते खरेच वाटत होते. चटर्जींच्या लेखाचा उल्लेख माझ्या वाचनात आला तो आजी गेल्यावर दहा-बारा वर्षांनी.

आता आजची स्थिती थोडक्यात सांगतो. २००२ मध्ये पुडीचे प्रमाण बदलले; मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले, त्यामुळे उलटी आणि जुलाब आणखी घटतात. २००४ पासून जस्ताच्या गोळ्यांची जोड आहे: सहा महिन्यांवरील मुलाला रोज वीस मिलिग्रॅम, त्याहून लहानाला दहा, दहा ते चौदा दिवस; जुलाब थांबले तरी पुरे दिवस द्यावयाच्या. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबामागे अर्धी ते एक वाटी, मोठ्या मुलाला एक ते दोन वाट्या, थोरांना मागतील तितके. जंतुनाशके रक्त पडत असेल किंवा पटकीचा संशय असेल तेव्हाच, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. मूल पिईनासे झाले, गुंगीत गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, प्यायलेले काहीच ठरत नसेल किंवा रक्त पडले, तर घरी थांबू नये. तेथे शिरेतून द्यावे लागते. मोठी पुडी एक लिटरची असते, लहान पुडी एका पेल्याची. लहान पुडी लिटरभर पाण्यात किंवा मोठी पेलाभर पाण्यात घालणे, हा घोटाळा मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिला आहे. पुडीवरचा मजकूर वाचावा.

२०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे एकसष्टांना हे द्रावण मिळाल्याचे दिसले. पंधरा वर्षांपूर्वीच्या पाहणीत ते सव्वीसच्या घरात होते. वाढ मोठी आहे, उरलेली एकोणचाळीसही लहान नाहीत. दुकानांत मात्र याच नावाखाली रंगीत खोक्यांतली गोड पेये विकली गेली, ज्यांत साखर भरपूर आणि मीठ नावापुरते. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव लावण्यास मनाई केली. खोके हाती घेण्यापूर्वी त्यावर एक लिटरला किती सोडियम आणि किती ग्लुकोज आहे ते पाहावे; लिहिलेले नसेल तर ते जागेवर ठेवून द्यावे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी आज सभागृहाच्या दारापाशी टेबलावर पुड्या, एक लिटरचे मापटे आणि चमचे ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने एकदा स्वतः कालवून चव घ्यावी. आठवीच्या मुलांनी तर अवश्य.